जांभळामागचं पाणी

त्या मुलखात पिलू अंडं फोडताना घरट्याच्या हवेतले शब्द एकदाच आत घेई. नंतर सांगितलेलं काहीही पहिला उन्हाळा सरेपर्यंत त्याच्या डोक्यात शिरत नसे.

त्या वर्षी ओढे आटले. मोठी पाखरं लांबच्या नदीवर जात. पिलांच्या पंखांना झेपेल असं पाणी एकच उरलं होतं आणि ते थोरल्या बुलबुलाने शोधलं होतं. तिथे पोचल्यावर तो रोज धाकट्या भावाला म्हणे, “पाणी जांभळामागं आहे. आधी तू पी, बारक्या.”

एका सकाळी ससाण्याने थोरल्याला नेलं. घरटं फाटलं. त्याची तीन अंडी शेजाऱ्यांनी बोरीवर, वडावर आणि माडावर उबवायला ठेवली.

पाण्याची जागा पिलांना अंडं फोडतानाच कळावी म्हणून धाकटा तसाच उडाला. बोरीवरच्या घरट्यात दादाचे शब्द ओरडून निघालासुद्धा.

“अरे उतावळ्या,” म्हातारी साळुंकी म्हणाली, “तू उडालास की तुझे शब्दही उडाले. आमच्याकडे शब्द घरट्याच्या काडीत विणतात. आणि शेवटी ‘पिलांसाठी’ म्हणतात, नाहीतर ते काडीतच राहतात.”

चोच सोलवटेपर्यंत त्याने घरट्याच्या तळाशी विणलं आणि “पिलांसाठी” म्हणाला.

वडावर विणून भागत नव्हतं. तिथे ढोलीतल्या घुबडाला सांगावं लागे. मग तेच सगळ्या घरट्यांत पोचवी.

“आधीच फुटलेल्यांना नाही हं मिळायचं,” घुबड म्हणालं.

“दादाचं अजून फुटलं नाही. लवकर करा ना, काका!”

माडाची रीत बोरीसारखीच असेल असं समजून त्याने घरट्याच्या तळाशी विणायला घेतलं. सुगरण खेकसली, “तळाशी कोण बघतंय, मेल्या? आमच्यात दाराशी विणतात!”

आतून अंड्यावर टकटक सुरू झाली होती. त्याने सगळं उसवलं.

“पाणी कुठे, तेवढंच विण. वेळ कुठाय?” सुगरण म्हणाली.

“दादा म्हणायचा तसंच विणणार.”

शेवटची काडी बसली आणि टरफल तडकलं.

पंखांत बळ आल्यावर तीन पिलं तीन झाडांवरून निघाली. त्यांना कुणी वाट दाखवली नाही. जांभळामागच्या खडकावर धाकटा कधीचा येऊन बसला होता, पाण्याला न शिवता. पिलं त्याच्या शेजारी उतरली. उन्हाने त्यांच्या चोची उघड्याच राहिल्या होत्या. तरी तिन्ही पाण्यापासून जराशी बाजूला सरकली.

“आधी तू पी, बारक्या.”