केळुसकरांचे नगर आणि दोन संगणक

यंत्रांना वाचा होती त्या काळी भालचंद्र रघुनाथ केळुसकर, वय वर्षे एकाहत्तर, यांनी संगणकावरील खेळात एक नगर वसविले होते. वस्ती तीन लाखांवर गेली आणि जुन्या संगणकावर ते जागीच गोठले. योग्य संगणक मिळाला नाही, तर सहा वर्षांचे नगर सोडावे लागणार होते.

दुकानात एकाच किमतीचे दोन संगणक होते. पहिल्यात चित्रे रंगविणारे ग्राफिक्स कार्ड भारी, आकडेमोड करणारा प्रोसेसर साधा. दुसऱ्यात नेमके उलट.

"आजोबा, माझे रूप पाहा!" सप्तरंगी दिवे लावीत पहिला म्हणाला. "हा शेजारी नुसता कारकून. आकडेमोडीपलीकडे काही येत नाही."

"कारकून तर कारकून," दुसरा म्हणाला, "काम अडवीत नाही."

दुकानदार शिरोडकरांनी रिवाजाप्रमाणे दोघांवर दहा घरांचे नवे गाव चालवून दाखविले. पहिल्याच्या गावातील नदीत ढगांचे प्रतिबिंबसुद्धा उतरले. केळुसकर भुललेच होते. परंतु त्यांनी खिशातून आपले नगर साठविलेला पेन ड्राइव्ह काढला.

"शिरोडकर, मांडवातला जावई सर्वांनाच गुणी दिसतो. यांना आता माझ्या घरचे काम सांगा."

पहिल्याने नगराचे कौल न् कौल सुरेख रंगविले. परंतु तीन लाख माणसांच्या वाटा मोजताना त्याचा प्रोसेसर थकला आणि ट्राम पुलावरच थांबली. दुसऱ्याची कौले धूसर होती, पण ट्राम स्थानकात पोहोचली.

"रंग जरा फिका आहे माझा," तो संकोचून म्हणाला.

"असू दे रे. माणसे घरी पोहोचली," असे म्हणून केळुसकरांनी त्यालाच घरी नेले.

त्यानंतर शिरोडकरांनी नव्या गावाचा नमुना दाखविणे बंद केले. ग्राहकाने आपलाच खेळ घेऊन यावा, असे ते सांगू लागले.