डोक्यावर साहेब नसलेला माणूस

उपसचिव राजोपाध्ये मयेकरच्या टॅक्सीत बसले आणि बसल्या बसल्या सुरू झाले. "डावीकडून घे. काच वर कर. त्या बसच्या मागे जाऊ नकोस." मयेकर निमूटपणे ऐकत गेला.

सिग्नलला राजोपाध्यांनी उसासा सोडला. "जळफळाट होतो रे तुला बघून! मनात आलं की गाडी काढायची, नाहीतर झाडाखाली ताणून द्यायची. डोक्यावर साहेब नाही. आमचा मेला दिवसभर पाठ सोडत नाही!"

"तुमचा साहेब किती वर्षांनी बदलतो?"

"तीन."

"माझा अर्ध्या अर्ध्या तासाला बदलतो," मयेकर आरशात त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आणि प्रत्येकाला वाटतं, गाडी मागच्या सीटवरूनच चालते."

सिग्नल सुटला. पुढे कुठे वळायचं, ते राजोपाध्यांनी सांगितलं नाही.