माशांचा मुजरा

"तळ्यात माशांची आणखी पाच हजार बोटुकली पिल्लं सोडा!" खैरगडच्या भुजंगराव महाराजांनी हुकूम दिला. "दसऱ्याला शेजारचे राजे येतायत. त्यांचे मासे आळशी, तळाशी बसून राहतात. आमचे बघा, रोज पहाटे वर येऊन आम्हाला मुजरा करतात!"

मुजरा कसला आलाय? तळं एवढंसं, त्यात आधीच पाच हजार मासे. वर महाराजांच्या हातचे रोज टोपलीभर लाडू! न खाल्लेले लाडू तळाला कुजायचे, पाणी हिरवंगार व्हायचं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायचे ते श्वासासाठी. पण सांगणार कोण? कारभारी तर म्हणायचे, "तो मोठा कटला मासा पाहिलात सरकार? तीनदा वाकला!"

तळं राखायचा धाकू भोई. त्याची लेक येसू धीर करून म्हणाली, "सरकार, गर्दीनं मरतील ओ मासे."

"आमच्या तळ्यात मरतील? एवढी हिंमत! एक जरी उताणा तरंगला, तर तळं तुमच्याकडून काढून घेऊ!"

धाकूच्या तोंडचं पाणीच पळालं. सात पिढ्या त्या तळ्यावर जगल्या होत्या. येसूने मात्र पदर खोचला.

"सोडते की, सरकार! फक्त आम्हा भोयांची एक रीत आहे. नवं बीज सोडण्याआधी धन्यानं सगळ्या दरबारासकट आमच्या खोपीत जेवायचं. पान संपेतोवर दार उघडायचं नाही."

धाकू लेकीकडे बघतच राहिला. साठ वर्षांत ही रीत त्याने ऐकली नव्हती. ऐकणार कुठून? ती आत्ताच जन्मली होती!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरबार आला. चार माणसांच्या खोपीत साठ पाहुणे कोंबले आणि येसूने बाहेरून कडी घातली. आत चूल धडधडत होती. सेनापतींचा गुडघा राजवैद्यांच्या पोटात, कारभाऱ्यांचं कोपर महाराजांच्या आमटीत. तरी कारभारी म्हणतात कसे, "वा! काय ऐसपैस व्यवस्था आहे!"

महाराजांनी तीन घास गिळले. चौथ्याला डोळे पांढरे झाले. लोकांना तुडवत ते झरोक्याशी पोचले आणि तोंड बाहेर काढून आ वासू लागले.

येसूने घाईघाईने हात जोडले. "अगं बाई! सरकार, मला कसला मुजरा करताय? मी लहान माणूस!"

"मुजरा नाही गं! जीव गुदमरतोय! दार उघड!"

"असं होय? मला वाटलं, तळ्यातल्यासारखंच काहीतरी चाललंय." येसू शांतपणे म्हणाली. "मग सांगा सरकार, दार उघडू, की आणखी साठ माणसं आत सोडू?"

झरोक्यातलं तोंड क्षणभर मिटलं. मग ते असं खदखदून हसलं, की खोपीच्या कुडाची माती गळाली. "उघड पोरी, उघड! तळ्याचंही दार उघड!"

त्याच आठवड्यात मासे चार तळ्यांत वाटले गेले. लाडू बंद झाले, मोजका कोंडा आणि पेंड सुरू झाली. चारही तळी भोयांच्या नावे कायमची झाली आणि येसूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या.

दसऱ्याच्या पहाटे शेजारच्या राजांसमोर एकही मासा वर आला नाही. भुजंगराव पोट धरून हसले. सवयीने तेवढे कारभारी वाकले.