अकरा साळुंक्यांची रंगशाळा

एका राज्यात एक रंगशाळा होती आणि रंगशाळेत एक नियम होता: थोरले ‘होय’ म्हणाले की धाकट्यांनी ‘होय’ म्हणायचं. का, ते विचारायचं नाही. दुर्वाला हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला, हातात झाडू देण्याच्याही आधी.

रंगशाळेत मांत्रिकाने दिलेला एक तांब्याचा हंडा होता. त्यातल्यासारखा लाल रंग पृथ्वीवर कुठे मिळत नसे. पण हंडा शापित होता. कुणाला कामावरून काढायचं ठरलं, की सगळे त्यात करंगळी बुडवून ‘होय’ म्हणत, आणि ते माणूस तिथल्या तिथे साळुंकी होऊन आढ्यावर जाऊन बसे. आढ्यावर अकरा साळुंक्या होत्या. अकरावी गोदाक्का. तिनेच दुर्वाला रंग शिकवला होता, आणि तिच्या वेळी दुर्वाही ‘होय’ म्हणाली होती.

त्या वर्षी राजाची स्वारी निघाली, पहाटेच्या दवाने रंगशाळेने रंगवलेलं लाल निशाण भिजलं, रंग उतरला आणि राजाचा पांढरा घोडा गुलाबी झाला. लोक हसले. राजा हसला नाही. सात दिवसांत नवं निशाण हवं आणि चुकलेलं माणूस रंगशाळेबाहेर, असा हुकूम झाला.

“पाणी वाईट होतं,” मुख्य रंगारी शेषाजी म्हणाले.

“पाणी बरं होतं,” दुर्वा म्हणाली. “कापड आधी तुरटीत उकळायचं असतं. ते तुम्ही विसरलात.”

“मी चाळीस वर्षं रंगवतोय.”

“मग चाळीस वर्षांत एकदा विसरलात.”

“चार पोथ्या वाचल्या की जीभ अशी सुटते. एवढं येतं ना? राक्षसाच्या दरीतून मंजिष्ठेची मुळं आण, दोर गिळणाऱ्या विहिरीचं पाणी आण, आणि सात पाण्यांत न उतरणारं निशाण रंगव. एक जरी चुकलं, तर काढायचं माणूस तू.”

राक्षसाने मुळांच्या बदल्यात तिचे केस मागितले. तिने कापून दिले.

विहिरीने सहा दोर गिळले. सातवा दोर तिच्याजवळ नव्हता. तेव्हा तिच्यामागून आलेली गोदाक्का उडत खाली गेली आणि चोचीचोचीने तिने दोन दिवसांत घागर भरली. मग काठावर पंख वाळवत बसली.

“पोरी, हंडा एकमतावर चालतो. एक ‘होय’ कमी पडला तर तो फुटेल, असं मांत्रिक म्हणाला होता.”

“खरं आहे?”

“कुणास ठाऊक. आजवर एकही कमी पडला नाही.”

दुर्वाने घागर कडेवर घेतली.

“माझ्या वेळी तुझा आवाज सगळ्यांत बारीक होता,” साळुंकी म्हणाली. “पण आला होता.”

दुर्वाने कापड तुरटीत उकळलं, मग रंगवलं, मग सात पाण्यांत धुतलं. सातवं पाणी पिण्याजोगं नितळ निघालं.

“निशाण चांगलं झालं,” शेषाजी म्हणाले. “तुझी नोकरी टिकली. आता राजाला चुकलेलं माणूस तेवढं दाखवायचं. भट्टीवाली कोयना.”

“तिने फक्त लाकडं घातली.”

“म्हणूनच. तिच्यावाचून काही अडत नाही.”

शेजारचे दुसरे थोरले मायेने म्हणाले, “बाळ, तुझ्या वयात आम्हीही असेच तडतडायचो. मग कळलं, पोट आहे, घर आहे.”

एकेक करंगळी हंड्यात बुडाली. होय. होय. होय. म्हातारी कोयनाही पुढे आली आणि सवयीने ‘होय’ म्हणाली.

“दुर्वा, तुझं राहिलं,” शेषाजी म्हणाले. “नाही म्हणालीस, तर आढ्यावर तुझी जागा तयार आहे.”

दुर्वाने हात मागे घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “आणि कोण चुकलं, ते राजाला मी सांगणार आहे.”

हंडा उभा चिरला. लाल रंग घोट्याएवढा साचला आणि आढ्यावरून अकरा माणसं त्यात उतरली, कामाच्याच कपड्यांत. पुढे राजाच्या हुकुमाने रंगशाळेत साधी भांडी आली आणि अकराही जणांना आपापल्या जागा मिळाल्या. पण त्या घटकेला कुणी जागा मागितली नाही. गोदाक्का थोरल्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“माझं काय चुकलं होतं?” तिने विचारलं.

शेषाजींनी शेजारी पाहिलं. शेजारच्याने जमिनीकडे पाहिलं.