वाघाचा पहिला घास

फार जुन्या काळी, जनावरं मनातलं बोलून दाखवत त्या काळी, एका वाघाला जेवणाचीच धास्ती बसली. कारणही तसंच होतं. त्याच्या आईने एकदा गाय मारली, अर्धी खाल्ली आणि अर्धी दुसऱ्या दिवसासाठी ठेवली. मधल्या वेळात गावकऱ्यांनी त्या मांसाला विष चोळलं. वाघीण परत येऊन जेवली, ती पुन्हा उठलीच नाही.

तेव्हापासून वाघ पहिला घास तोंडात घालीना. त्याने एका कोल्ह्याला बोलावलं.

"आजपासून माझ्या शिकारीचा पहिला घास तुझा," वाघ म्हणाला. "खायचं आणि या उंबराची सावली त्या काळ्या दगडाला लागेपर्यंत माझ्यासमोर बसायचं. जगलास, तर मी जेवीन."

नाही म्हणायची सोय नव्हती. कोल्हा काकडीला राजी असं आपण म्हणतो, आणि इथे तर सांबराची मांडी समोर आली होती. पण बाळांनो, तो घास गिळून सावलीकडे बघत बसणं काय असतं, ते त्या कोल्ह्यालाच विचारावं. पोटात जरा गुरगुरलं की त्याला वाटे, आलं! कान खाजला तरी वाटे, विष चढलं. सावली हलता हलत नसे. तो पाय बदली, शेपटी इकडची तिकडे टाकी, पुन्हा दगडाकडे बघे. घरी आला तरी त्याच्या जिवाची घालमेल थांबत नसे.

"अहो, सोडा ही चाकरी," कोल्हीण म्हणे. "खेकडे खाऊ, बेडूक खाऊ, पण बिनघोर झोपू."

"सोडून जाऊ कुठे? त्याच्या पंज्याबाहेर रान आहे का?" कोल्हा म्हणे आणि कूस बदले.

एक दिवस त्या बेचैन डोक्यात युक्ती आली. सगळी भीती आपणच का भोगायची? थोडी वाघालाही वाटून द्यावी. समोर गुबगुबीत चितळ पडलं होतं. कोल्ह्याने लचका तोडला, थुंकला आणि जमिनीवर गडबडा लोळला.

"विष, महाराज, विष!"

"अरे, पण हे तर मी आत्ता मारलं! विष चोळलं कोणी?"

"चोळायला कशाला हवं? ही चितळं गावच्या शेतात चरून येतात. तिथे काय टाकलेलं असेल, कुणी सांगावं? महाराज, जो जे खातो ते त्याच्या मांसात उतरतं. मी हे लांब नेऊन पुरतो, नाहीतर आणखी कुणाचा जीव जायचा."

एवढी निष्ठा पाहून वाघाचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी कोल्ह्याच्या घरी चितळाची मेजवानी झाली.

मग ती सवयच पडली. म्हातारं, हाडकुळं जनावर आलं की कोल्हा म्हणे, "चांगलं आहे, महाराज." धष्टपुष्ट आलं की लोळण घेई. कोल्ह्याची मान जाड झाली, पोट जमिनीला टेकू लागलं. वाघाच्या बरगड्या वर आल्या. पण कोल्ह्याला झोप काही येईना. आधी विषाची भीती होती, आता चोरी उघडी पडण्याची.

"आता पुरे करा," कोल्हीण म्हणाली. "भुकेल्या वाघाशी खेळ बरा नाही हो."

"वेडी आहेस. तो माझ्या जिभेला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही," कोल्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उंबराखाली गेला, तर शिकार कुठेच दिसेना. वाघ एकटाच बसला होता.

"महाराज, आज चाखायचं काय?"

"आज चाखायचं काही नाही," वाघ म्हणाला. "रात्रभर भुकेने डोळा लागला नाही, तेव्हा तुझंच बोलणं आठवत बसलो. जो जे खातो ते त्याच्या मांसात उतरतं. खरं आहे. मग या रानात पारखून, थुंकून, तपासून खाणारा आहे कोण? एकटा तू. ज्याच्याविषयी मला तिळमात्र शंका नाही, असं मांस एकच आहे बाबा."

कोल्ह्याची पाचावर धारण बसली. गप्प राहावं, तर आपण सर्वांत शुद्ध मांस. खरं बोलावं, तर चोर. इकडे आड, तिकडे विहीर! त्याच्या तोंडातून निघून गेलं, "नको महाराज! ते विषारी मांस मी पुरलं नाही, सगळं मीच खाल्लं! माझ्या अंगात विष भिनलंय!"

वाघाने त्याच्या जाड मानेकडे पाहिलं.

"सगळं खाल्लंस," तो हळूच म्हणाला, "आणि असा झालास?"

त्या दिवशी पहिला घास वाघाने स्वतःच घेतला. सावली दगडाला लागायची वाट त्याने पाहिली नाही. त्यानंतर त्याला कधीच चाखणारा लागला नाही. कोल्हीण मात्र पिल्लांना घेऊन ओढ्याकाठी गेली आणि खेकड्यांवर राहिली.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या भीतीवर जो आपलं पोट भरतो, तो एक दिवस त्याच्याच भुकेचा घास होतो.