नेहमीची तयारी

फार पूर्वी, म्हणजे मोबाईलला बटणं होती त्या काळी, एका नगरात एक संगणकपंडित राहत असे. त्याने वेबसाइट उभी करायचा एक तयार सांगाडा बनवला आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. मनाने मोठाच माणूस. पण फुकट असूनही नवे लोक यायचे आणि लगेच पळायचे. जुनी मंडळी थकत चालली होती. नवं कोणी टिकलं नाही, तर सांगाडा सांभाळायला माणूसच उरणार नव्हता.

"हल्लीच्या लोकांना चिकाटीच नाही," पंडित म्हणे.

नवख्यांसाठी त्याने माहितीचं पान लिहिलं होतं. पहिलीच ओळ अशी: 'नेहमीची तयारी करून घ्या. सोपं आहे.'

एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी सांगाडा वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर विचारलं, "नेहमीची तयारी म्हणजे काय हो?"

"आधी माहिती वाचा," पंडिताने कळवलं.

"वाचूनच विचारतेय."

पंडित लगेच दुसऱ्या कामाला लागला. मोठी माणसं अशा वेळी फार कामात असतात.

मग पंडिताने नवख्यांसाठी एक संमेलन भरवायचं ठरवलं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पंडिताच्या लॅपटॉपवर कपभर चहा सांडला. लॅपटॉप जागीच गेला. पंडिताने नवा कोरा करकरीत आणला, ऐटीत आपलंच पान उघडलं, पहिली ओळ वाचली आणि डोकं खाजवत बसला. काहीच चालेना. शेवटी लाजेकाजेस्तव दुसऱ्याच नावाने त्याने ग्रुपवर विचारलं.

ग्रुपवर पंडिताच्या तालमीत तयार झालेले शिष्यही होते. त्यांचं उत्तर क्षणात आलं, "आधी माहिती वाचा."

"अरे, ती मीच लिहिली आहे!"

"हो का? मग वाचायला काय हरकत आहे?"

दिवसभर खटपट केल्यावर उलगडा झाला. नेहमीची तयारी म्हणजे आधी लॅपटॉपवर दोन प्रोग्रॅम टाकावे लागत होते. जुन्या लॅपटॉपवर ते वर्षानुवर्षं होतेच, म्हणून पंडित त्यांना पार विसरला होता.

संमेलनात भाषण ठोकून त्याला मोकळं होता आलं असतं. पण त्याने ग्रंथपाल बाईंना मंचावर बोलावलं आणि एक कोरा लॅपटॉप पुढे ठेवला.

"मोठ्याने वाचा आणि तसंच करा. जिथे तुम्ही अडाल, तिथे मी चुकलोय."

बाई पहिल्याच ओळीला अडल्या. सभागृह हसलं. पंडितही हसला आणि त्याने तिथे दोन ओळी वाढवल्या. बाई पुन्हा अडल्या, त्याने पुन्हा लिहिलं. जेवणाची वेळ टळली, तरी कोणी उठेना. अखेर पडद्यावर वाचनालयाचं नाव झळकलं, बाई "झालं!" म्हणून ओरडल्या आणि पंडिताचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला सांगाडा बनवतानाही झाला नव्हता.

त्या दिवशी एकही नवखा पळाला नाही. उलट चार जण पुढे येऊन म्हणाले, "पुढचं पान आम्ही लिहू का?"

तात्पर्य: आपल्याला सोपं वाटणारं काम एकदा नवख्याच्या शेजारी बसून करून पाहावं, कुणाला चिकाटी नाही, ते त्यानंतर ठरवावं.