खडकाची पहिली घागर

ढेबेवाडीच्या पठारावरील परदेशी झाडांच्या बागेत प्रत्येक खोडावर पत्र्याची पाटी आहे. तीवर झाडाचे नाव आणि त्याचा देश. कुंपणाबाहेरच्या काळ्या खडकाला पाटी नाही. तो मात्र भर उन्हाळ्यातही रोज सकाळी ओला असतो.

बागेच्या माहितीपत्रकानुसार, बाग लावणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या स्वप्नात वाडीची झोळाईदेवी आली आणि खडकातला आपला झरा तिने हिमालयातून आणलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनला दिला. वाडीला सोडून देवी नेमकी साहेबाकडेच कशी गेली, असे मी बागेचे जुने माळी कोंडिबा ढेबे यांना विचारले.

"तिला इंग्रजी येत असेल, दादा," ते म्हणाले.

मग त्यांनी वाडीतली हकिकत सांगितली. साहेबाचे ते लाल फुलांचे झाड तीनदा वाळले, असे सांगतात. चौथ्या खेपेला त्याने झरा खडकापाशीच अडवला आणि पाणी नळाने बागेच्या हौदात नेले. वाडीतल्या बाया कोसभर उतरून ओढ्यावर जाऊ लागल्या. बागेत पाणी घालणाऱ्या ठकूबाईने तेव्हा नेम धरला: पहिली घागर खडकाला, मग झाडाला. साहेबाने तिला फाटकात अडवले. ती तिथेच घागर पालथी घालून बसून राहिली. बागेतले सगळे माळी वाडीचेच. तेही तिच्याशेजारी बसले. नवव्या दिवशी त्या झाडाची पाने मिटू लागली, तसा साहेब नमला म्हणे. पण किती? एका घागरीपुरता.

त्याच वर्षी झाड प्रथम फुलले, आणि फुलले ते खडकाच्या बाजूनेच, असे म्हणतात. मी जाऊन पाहिले. फुले त्याच बाजूला आहेत. ऊनही त्याच बाजूने येते, हे मी बोलून दाखवले.

"असेल," कोंडिबा म्हणाले. "ऊन कुणी नळाने नेलं नाही अजून."

साहेब गेला, बाग सरकारकडे आली, नळ तसाच राहिला. आता फाटकावर 'येथील मनोहर प्रथा' असा फलक लागला आहे आणि लोक फोटो काढतात. एका घागरीने वाडीचे काय भागते, असे मी विचारले.

"काही नाही भागत," ते म्हणाले. "पण एक दिवस चुकलो, तर म्हणतील, यांनी झरा सोडला."

आजही बागेचे फाटक उघडले की पहिली घागर बाहेर येते. खडकावर पाणी ओतेपर्यंत आत एकाही झाडाला थेंब मिळत नाही.